खड्ड्यातली भरती

घणसोली गाव
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

चि. कुंदन यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. फोनवर तू ‘ताई, टेन्शन नको घेऊ’ म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच कापता येत नाही. तुझा ड्रायव्हर धनाजी गाडी घेऊन तुझ्या नाशिकच्या साइटवर निघालाय, त्याच्याच हाती देते.

घरामागच्या स्विमिंग पूलसाठी काय चांगलं, असं तू विचारलं होतंस. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे धन्य आहे तुझी! तरी वाचलं. काँक्रीट जड, जागचं हलत नाही. पण खारं पाणी आतली सळई खातं. विनाइलचं अस्तर स्वस्त. खालून पाणी आलं की फुगतं. फायबरग्लासचं तयार टाकं देखणं, बसतंही चटकन, आणि रिकामं केलं की खालच्या पाण्यावर होडीसारखं वर येतं. तू नेमकं तेच ठरवलंस. नौकानयनाची हौस आपल्या कुळात आहेच.

आतलं पाणी कसं टिकेल, याचाच विचार केलास. खालच्या पाण्याला कुणी विचारलंच नाही.

पूलसाठी खणलेल्या खड्ड्यात रोज पाणी चढतं, उतरतं. आईने बोट बुडवून चाखलं. “खारा हाय. भरतीचा पानी.” ही जागा आपलं खाडीकाठचं शेत होती, हे टाइल्स निवडताना विसरलास. परवा आत खेकडा होता. वास्तुशांतीचं आमंत्रण तूच दिलं असशील.

आईच्या खोलीचं दार लागेनासं झालंय. आधी मी सुताराला नावं ठेवली. मग खड्ड्याकडच्या भिंतीला पडलेल्या भेगेत माझी करंगळी गेली. काल अंगठा गेला.

तुझी माणसं पौर्णिमेला, ऐन उधाणात, पंप लावून खड्डा कोरडा करणार आहेत. आतलं पाणी गेलं की कडा ढासळतील, आणि कडेलाच ती खोली आहे. अडवलं तर म्हणतात, “मॅडम, शेठचा फोन पाहिजे.”

आईला म्हटलं, ऐरोलीला माझ्याकडे चल. हलत नाही. खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटला की मातीची पहिली पाटी शेताच्या मालकानेच टाकायची, हा तिचा जुना कायदा. “माजा पोरगा येल, पयली पाटी टाकंल. तवर मी इकरंच.”

थट्टा पुरे, कुंदन. मला भीती वाटते. आधी पंप थांबव, मग ये. खड्डा बुजवायची पहिली पाटी भरून दाराशी ठेवली आहे.

आईच्याच खोलीत, तिच्या खाटेशेजारी अंथरूण घातलेली,
तुझी सुनयनाताई