नव्याचा पहिला घास

बालाघाट,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय दुर्गाबाई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार घे, दाजींनाही सांग. परवा फोन केला होता. मी विचारलं तब्येत कशी आहे, तू म्हणालीस, हौ, धान कापून झालं. मग मी जरा मोठ्याने बोललो तर तिकडून तुझा आवाज आला, "काहून ओरडून राह्यला, कोण मेलं?" तुझ्या लेकाने, पियुषने एवढं कानाचं मशीन आणून दिलं ते तू डब्यात घालून ठेवलंस, असं तोच सांगत होता. तेव्हा पत्रच बरं. पोस्टमन तुझ्याकडे चहा पितो म्हणजे पत्र हमखास पोहोचेल.

पियुष येऊन नवे तांदूळ देऊन गेला. पिशवी उघडली आणि सगळ्या खोलीभर वास झाला. दाण्याला तेज आहे, तुकडा फार नाही. दाजींनी खाणीतून रिटायर झाल्यावर तो वावराचा तुकडा घेतला तेव्हा मी हसलो होतो, माझे शब्द मागे घेतो. तालुक्यात असा चिन्नोर तांदूळ दहा जणांकडे निघणार नाही. हे मी भाऊ म्हणून नाही, तांदळाचा दलाल म्हणून सांगतोय.

तुझा निरोपही त्याने दिला. मामा आल्याशिवाय नवं शिजणार नाही म्हणून. बाई, नव्याचा पहिला घास भाऊ म्हणून मी घ्यायचा आणि मग तुझ्या घराने जेवायचं, ही आपली रीत मी विसरलो असं समजू नकोस. पण यंदा माझी वाट पाहू नकोस. सीझन ऐन भरात आहे. रोज वारासिवनीला जावं लागतं, एका गिरणीतून निघालो की दुसरीवाला बोलावतो. टेबलावर नमुन्यांच्या पुड्या साचल्या आहेत. पहिला घास यंदा पियुषने घेतला तर काय बिघडणार आहे? तोही कुणाचा तरी भाऊ असेलच, चुलत का होईना.

तब्येतीचं म्हणशील तर उत्तम. एकशे एकवीस किलोंचा शहात्तर झालो. तू मला मागच्या उन्हाळ्यात पाहिलंस त्याहूनही कमी. डॉक्टरीणबाई खूश आहेत, साखरेच्या गोळ्या अर्ध्यावर आल्या. सकाळी मैदानावर फिरायला जातो तिथे लोक थांबवून विचारतात, खेमराजभाऊ, काय खाता? मग मी कमरेवर हात ठेवून छोटं भाषण देतो. मागच्या आठवड्यात एकाने लिहून घेतलं. ज्या माणसाला लग्नात वाढपी लांबून पाहून पळायचे, त्याला आता लोक जेवणाचं विचारतात, आहे ना गंमत?

भूक म्हणशील तर आता लागतच नाही. सवयीचा भाग आहे सगळा. तुझी भावजय अनुसयाही आनंदात आहे.

तर राग धरू नकोस. नवं शिजव आणि खा.

तुझा,
खेमराज


बालाघाट,
४ डिसेंबर २०२४

प्रिय बाई,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, रागावल्यासारखं. "तब्येत बरी तं मंग येत काहून नाही?" एवढीच ओळ लिहायला एवढं मोठं कार्ड वाया घालवलंस. खाली दाजींनी बारीक अक्षरात लिहिलंय की तू अजून जुनाच तांदूळ शिजवतेस. दाजी चहाडखोर आहेत, पण ते लिहिलं ते बरं केलं.

सीझनचं कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. तुला आठवतं, सीझनमध्ये मी दरवर्षी येतच होतो. येऊन तीन ताटं जेवून परत जात होतो.

इथे एक गोष्ट घडली, ती आधी सांगतो. आमचा धंदा कसा चालतो हे तू एकदा ऑफिसात बसून पाहिलं आहेस. खरेदीदार येतो, मी नमुन्यातला मूठभर तांदूळ त्याच्यासमोर पातेलीत शिजवतो आणि नुसता भात, ना वरण ना मीठ, आधी मी खातो. मग सांगतो, नवा की जुना, पाणी किती मागेल, भेसळ किती. गोंदियाचे दुलीचंद शेठ वीस वर्षं माझ्या तोंडाकडे बघून माल उचलत आले. त्यांनी स्वतः कधी चाखला नाही.

गेल्या महिन्यात त्यांना एका गिरणीचा माल मी चांगला म्हणून दिला. लॉरी गोंदियाहून परत आली. आत ओल लागलेला, पोत्यात तापलेला तांदूळ होता, वरून पॉलिश मारून कोरडा केलेला. बाई, तो कुबट वास नाकाला येत नाही, जिभेलाही कळत नाही. घास गिळला की घशातून मागे वर येतो. कुठल्याही दलालाला हे पहिल्या वर्षी कळतं. मला कळलं नाही, कारण मी गिळलाच नव्हता.

मी गिळत नाही. वर्ष होऊन गेलं. चावतो, मान हलवतो, बोलता बोलता उठतो आणि मागच्या मोरीत जाऊन थुंकून येतो. कुणाला कळत नाही असं मला वाटत होतं. दुलीचंद शेठ स्वतः आले. रागावले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाले, "खेमराजभाई, जो आदमी ख़ुद नहीं निगलता, उसके कहने से मैं कैसे ख़रीदूँ?" मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन निघून गेले. तेव्हापासून त्यांचा माणूस आलेला नाही.

आता सुरुवात केलीच आहे तर पुढचंही लिहितो. हे फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, आणि समोर बसून तर मुळीच नाही.

वजन उतरवायला लागलो तेव्हा पहिल्या दिवशी भात सोडला. तेच सोपं होतं. थोडा खाणं मला जमत नाही, अजिबात न खाणं जमतं. उतरत गेलं तसा जो तो पाठ थोपटत गेला. मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बस, आता वजन योग्य आहे, आता कमी करायचं नाही, नॉर्मल जेवा. मी विचारलं, नॉर्मल म्हणजे? त्या हसल्या, म्हणाल्या, सगळे जेवतात तसं, वाटीभर भात, पोळी, भाजी, भूक असेल तेवढं. मीही हसलो आणि पायऱ्या उतरून घरी आलो. कमी कसं करायचं ते मला साऱ्या गावाने शिकवलं. थांबायचं कसं ते कुणालाच ठाऊक नाही. भूक असेल तेवढं जेवायचं तर माझी भूक किती आहे हे मी पन्नास वर्षांत कधी मोजलेलं नाही.

गिरणीतल्या पोत्यांच्या काट्यावर मी रोज चढतो. घरी काटा आहे, पण त्याचा भरवसा वाटत नाही. मोतीलाल हमाल आहे तिथे, तो दर वेळी विचारतो, "बारदाना काटू काय, भाऊ?" पोत्याचं वजन करताना रिकाम्या गोणपाटाचं वजा करतात ना, तसं. माझ्या पोटावरचं कातडं लोंबतं, ते त्याने सदऱ्यातून पाहिलं आहे. मी हसतो. आकडा पाव किलोने वर गेला असेल तर त्या दिवशी रात्री जेवत नाही.

अनुसया आनंदात आहे असं लिहिलं होतं. ती आनंदात नाही. ती माझ्यासमोर जेवत नाही, स्वयंपाकघरात पाठ करून जेवते, घाईघाईने, चोरी केल्यासारखी. तिने ऑफिसच्या मोरीत भाताची शितं पाहिली होती, ते वर्षभर मला सांगितलं नाही.

आणि तुझ्याकडे का येत नाही ते आता सांगतो. माय गेली तेव्हा मी सहा वर्षांचा, तू बारा-तेराची. तू ताट वाढायचीस आणि शेवटी मायच्या वाटणीचा एक गोळा काढून माझ्या ताटात ठेवायचीस. "मायच्या वाटचं तू खाय, बाबू. वाया नको जाऊ देऊ." मी खात गेलो. पोट भरल्यावर सुरू व्हायचं ते जेवण खरं वाटायचं. तू काही वाईट केलं नाहीस, माझ्या मनात तसं काही नाही, हे नीट वाच. तुझ्याकडे द्यायला दुसरं होतं काय? पण तुझ्या हातच्या भाताला माझ्या लेखी अजूनही शेवट नाही. तुझ्या हातून एक घास घेतला की मी परत एकशे एकवीस होईपर्यंत उठणार नाही, अशी भीती मला वाटते. बावन्न वर्षांच्या माणसाने बहिणीच्या ताटाला भ्यावं, हे लिहितानाही लाज वाटते.

म्हणून सांगतो, तू नवं खा. मला यातून वगळ.

तुझा,
खेमराज


बालाघाट,
१२ डिसेंबर २०२४

बाई,

हे काय चालवलं आहेस? पियुष आज मोटारसायकलवर आला, चहासुद्धा न पिता उभ्याउभ्याच सांगितलं त्याने. माझं पत्र वाचून तू जुनाही भात सोडलास. अर्धी भाकर कालवणात कुस्करून उठतेस. दाजी बोलले तर म्हणतेस, "तो जेवन तवा मी जेवन." या वयात, त्या रक्तदाबावर. मी तुला मोकळं करायला पत्र लिहिलं आणि तू माझ्याच शेजारी येऊन बसलीस. फार राग आला. पियुषवरच ओरडलो बिचाऱ्यावर.

तो गेल्यावर मी अनुसयेला म्हटलं, बाईचा तांदूळ काढ. तिने तो काढला. लहान पातेलीत शिजवला, वाटीभर माझ्यासमोर ठेवला आणि वर्षात पहिल्यांदा समोर बसली. मी घास घेतला आणि गिळला. बाई, घशातून वास वर आला, आपल्या परसातला, धान वाळत घातल्यावर यायचा तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही आलं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण वाटी संपली आणि माझा हात पातेलीकडे गेला. ती म्हणाली, थोडा घ्या अजून. मी थोडा घेतला, मग आणखी घेतला, मग वाटीची गरज राहिली नाही. उभा राहून पातेली पुसून खाल्ली. खरवडीसकट. ती नुसती बघत होती. शेवटी म्हणाली, "तुमची भूक पाह्यली का मले भेव वाटते, अन् तुमचा उपास पाह्यला का बी भेव वाटते. मी कोनीकडं पाहू?"

उद्या काही खायचं नाही, हे मी तेवढ्यात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. या दोन्हींच्या मधे लोक राहतात कुठे, जागा तरी कुठे आहे तिथे, मला दिसत नाही. मैदानावर भाषण ऐकणाऱ्यांपैकी कुणी तरी मला हे विचारायला हवं होतं.

पण तुला उपाशी ठेवून मला हे शोधत बसता येणार नाही. रविवारी सकाळच्या कटंगीकडच्या गाडीने येतो. अनुसयाही येते. येण्याआधी काट्यावर चढणार नाही असं लिहिणार होतो, पण खोटं होईल. चढणार. शनिवारीही चढेन, परत आल्यावरही चढेन. ते आज सुटत नाही.

माझं एवढं ऐक. नवं शिजव, देवाला दाखव, आणि पहिला घास रीतीप्रमाणे तू मला भरव. लगेच तुझा घास तू घे, माझ्यासमोर. मग मला एक वाटी वाढ आणि भाताचं भांडं माझ्या हाताला लागेल असं ठेवू नकोस. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, तू तुझं जेव. वाटी संपल्यावर "अजून घे" म्हणू नकोस. "पुरे कर" असंही म्हणू नकोस. दाजींनाही बजाव, त्यांना आग्रहाची सवय आहे.

पुरे हा शब्द मला म्हणायचा आहे. आयुष्यात एकदाच म्हणालो, तर तो वर्षभर चालला आणि अजून थांबत नाही. यावेळी तो एका जेवणापुरता म्हणता येतो का, ते बघायचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा जेवायला बसायचं आहे. मला वेळ लागेल. मी वाटी हातात घेऊन बराच वेळ बसून राहीन, तुला ते बघवणार नाही. तरी बसू दे. मधे मायचं नाव काढू नकोस, तिच्या वाटचं यंदा तिच्यासाठीच ठेव. तुळशीपाशी ठेव, चिमण्या खातील.

आणि नाही जमलं, मी पातेल्याशी गेलोच, तर हाताला धरून बाहेर ओट्यावर नेऊन बसव. लहानपणी न्यायचीस तसं. रागावू नकोस.

रविवारपर्यंत तू मात्र जेव. जुना तर जुना, पण भात खा. नाहीतर मी येणार नाही, आणि हे मी दलाल म्हणून नाही, भाऊ म्हणून सांगतोय.

पहिल्या पत्रात भुकेबद्दल लिहिलं होतं ते खोडून टाक.

तुझा भुकेला,
खेमराज