मनगटापर्यंतच्या बाह्या

उंद्री, रविवार संध्याकाळ

जमलं एकदाचं! कोडाच्या जनुकीय संशोधनासाठी एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांचं रक्त हवं होतं, आणि कुणी येईना. चूक माझीच. बाजाराच्या तोंडाशी 'कोड तपासणी' असा बोर्ड लावला मी! लग्नाची पोर असलेलं घर कशाला येईल? परवा काढला.

आज गावातल्या कमलाबाई आल्या, भर उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. सोबत दोन बहिणी, तशाच बाह्या. मी दार लावायला उठले.

"राहू द्या मॅडम. पोराकडच्यायले हातावरचे पांढरे डाग दाखवूनच पोरीची सोयरीक जुळवली. आता कोनाले भ्याचं? घ्या तिघींचं रक्त."

निघताना वर मलाच, "बोर्ड काऊन काढला?"

भर बाजारातून गेल्या तिघी. रक्त देताना कोपराच्या वर सारलेल्या बाह्या, तशाच.