साहेबाचं विरजण

१८ नोव्हेंबर १९६४, विसरवाडी

आलो एकदाचा! सुरतेकडे जाणाऱ्या सडकेवर विसरवाडीच्या फाट्याला बसने मला ट्रंकेसकट उतरवलं आणि समोरच्या हॉटेलवाल्याने न विचारताच चहा पुढे केला. गावाशी माझं तिथेच जमलं. कारखाना म्हणजे ट्रकांच्या तळामागची लांब पत्र्याची शेड. तिला चिकटून माझी खोली, आणि खोलीमागे स्वयंपाकापुरती पडवी. शेड आणि खोली यांच्यामध्ये एक दार, तेही नीट लागत नाही.

मालक रेवजीभाई तापीकाठचे गुजर. घरची केळी, घरचा कापूस, पण शाळा-कॉलेजांना विज्ञानाचं सामान पुरवायचं वेड डोक्यात शिरलेलं. काचेसारख्या पारदर्शक ठोकळ्यात विंचू, फुलपाखरू, कपाशीचं बोंड आणि त्यातली अळी कायमची बंद करून विकायची, हा धंदा. मी रसायनाचा पदवीधर, म्हणून मला ‘प्रयोगशाळा-प्रमुख’ केलंय. हाताखाली एकटी सोमीबाई, नवापूरकडच्या डोंगरातली. तिच्या हातात झाडू, म्हणजे माझी हुकमत एका झाडूवर आहे.

खोली कुमुदला आवडेल. लग्न झाल्यापासून आम्ही निम्मा संसार पोस्टातच केलाय. संक्रांतीला तिला घेऊन येणार.

२१ नोव्हेंबर

काम सोपं आहे. मोठ्या डब्यात मधासारखी राळ असते आणि लहान डब्यात पिवळसर तेल. तेल थोडंसंच राळेत घालून ढवळायचं, साच्यात ओतायचं, की काही तासांत दगड. त्या तेलाचं इंग्रजी नाव उच्चारताना रेवजीभाईंची कवळी निसटते. मी म्हटलं, थोडं घातलं की सगळं घट्ट होतं ना, मग हे विरजणच. सोमीबाई तोंडाला पदर लावून हसली. आता ती त्या डब्याला ‘सायबानं इरजन’, म्हणजे साहेबाचं विरजण, म्हणते.

रेवजीभाईंना नाव इतकं आवडलं की त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरात ‘विरजण’ लिहवून डब्यावर चिकटवलं. खाली बारीक इंग्रजीत सूचना होत्या. कातडीला लागू देऊ नये, दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ खाण्याचं काही ठेवू नये, मोजून आणि थोडंथोडंच मिसळावं. त्या झाकल्या गेल्या. मी आधी वाचल्या होत्या, मी काही मूर्ख नाही. पण चिकटवायला सपाट जागा तेवढीच होती.

कुमुदला पत्रात लिहिलं की तुझं खातं मला मिळालंय. तिचं विरजण लावणं बघण्यासारखं असतं. चमचा घेणार नाही. बोटाने घेणार, बोट चाटून आंबट आहे का बघणार, मगच दुधाला लावणार. आईने किती टोकलं, पण ती सवय काही जात नाही.

२ डिसेंबर

वास आता येत नाही. पहिले दोन-चार दिवस शेडमध्ये सडक्या मासळीचा आणि नवसागराचा मिळून भपकारा यायचा. नाक सरावलं.

रबरी हातमोजे फाटले. रेवजीभाई म्हणाले, सुरतेहून मागवू. तोवर उघड्या हाताने चाललंय. चिकटलं की स्पिरिटने पुसतो, झटक्यात निघतं.

रविवारचा वेळ खोलीसाठी दिला. खिडकीची चौकट खिळखिळी, पडवीतल्या रांजणाला चीर. तेलात खडूची पूड कालवून पांढरा, दाटसर लगदा केला. लागेल तेव्हा त्यात राळ मिसळायची आणि फटीत भरायची. लगदा चिनी मातीच्या पांढऱ्या बरणीत भरला, गंमत म्हणून तिच्यावरही वळणदार अक्षरात ‘विरजण’ लिहिलं आणि पडवीतल्या फडताळात अगदी मागे ठेवली. दिसतोय अगदी दह्यासारखा. कुमुद आली की तिची फजिती करायची.

९ डिसेंबर

बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. थंडीने असेल.

आज हॉटेलात नवलसिंग भेटला. रनाळ्याचा. माझ्याआधी या जागेवर तोच होता. हात बघितले तर कातडी जुन्या चपलेसारखी, जागोजागी चिरलेली. मी म्हटलं, चला शेडमध्ये, तुमचे जुने ठोकळे बघू. त्याने सडक ओलांडायलाच नकार दिला. म्हणाला, तीन महिने काही झालं नाही, मग एके दिवशी डोळे सुजले, मग छाती भरली. आता शेडच्या बाजूने वारा आला तरी चेहरा फुगतो. शेवटी माझ्या बोटांकडे बघून हळू बोलला, “भाऊ, एक डाव त्यानी वळखी लिधं ना, मंग ते सोडत नही.”

एकदा ओळखलं की सोडत नाही, जणू ते तेल म्हणजे माणूसच! मी हसलो, तो हसला नाही. चहा अर्धा टाकून उठला.

१७ डिसेंबर

आज घात होता होता वाचलो.

एका शेतकी प्रदर्शनासाठी कपाशीचं आख्खं झाड ठोकळ्यात हवं होतं. रेवजीभाईंनी कळसाडीहून मुळासकट झाड आणवलं, बोंडं फुटलेलं, देखणं. थराथराने ओतायला आठवडा गेला असता, म्हणून राळ एकदमच कालवली. गारठ्यात ती घट्ट होईना. आणि मी काय करावं? थंडीत दह्याला गुंडाळतात तसं साच्याला गोणपाटात आणि गोधडीत गुंडाळलं! नाव मीच ठेवलेलं, आणि मीच त्याला भुललो. हे तेल स्वतःच तापतं, त्याला ऊब कोंडून द्यायची नसते, हे मला ठाऊक होतं.

दुपारी गोधडीतून धूर आला. आत साचा उकळत होता, तडतड वाजत होता. सोमीबाई पाणी घेऊन धावली, तिला बाहेर ढकललं आणि मीच गोधडी ओढून काढली. पिवळा धूर थेट तोंडावर. झाड आत काळं पडलं, बोंडंसुद्धा. ठोकळा मधोमध चिरला.

रेवजीभाई झाडासाठी हळहळले. माझा खोकला थांबत नाही.

२१ डिसेंबर

सकाळी डोळे उघडेनात. आरशात दुसराच कोणी. पापण्या फुगलेल्या, ओठ सुजलेले. चार दिवस त्या डब्याला हात लावलेला नाही. शिवलोही नाही, तरी.

२३ डिसेंबर

दुपारी फाट्यावर जाऊन बसलो. तासाभरात सूज उतरली. परत खोलीत पाऊल टाकलं आणि दाराशीच गाल चुरचुरू लागले. दार लागत नाही. फटीतून ते येतं. वास येत नाही, पण मला कळतं.

नवलसिंगचं म्हणणं आठवतं. वळखी लिधं.

२९ डिसेंबर

रेवजीभाई माल पोचवायला मुंबईला गेलेत. जाताना म्हणाले, नवलसिंगसारखी नाटकं करू नका, पाटणकरभाई. शेडला कुलूप लावून गेले. कुलपाने ते थांबतं थोडंच? ते माझ्या कपड्यांत आहे, उशीत आहे. रात्री छातीत शिटी वाजते.

कुमुदला कळवलं, येऊ नकोस. का ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

३ जानेवारी १९६५

कुमुद आली. पत्र वाचून घाबरली आणि पहिल्या बसने निघाली. माझं तोंड बघून रडली, मग पदर खोचला. खोली धुतली, चादरी उकळल्या. खोकत खोकत मी सगळं सांगितलं, हातमोजे, धूर, नवलसिंग. ती म्हणाली, उद्या सकाळच्या बसने धुळ्याला मोठ्या दवाखान्यात. मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तिला विचारलं, कसला वास येतो का? सकाळी येत होता म्हणाली. आता येत नाही.

गिळवत नाही म्हणून रात्री दहीभात भरवला. सोबत आणलेल्या विरजणाचं दही. उरलेलं पुढच्या विरजणासाठी फडताळात ठेवलं.

४ जानेवारी

बस चुकली. उठताच आलं नाही. कुमुद फाट्यावर ट्रकवाल्यांना विचारायला गेलीय. सोमीबाई पडवीत भांडी घासते आहे.

बरणी.

फडताळातली बरणी! इतके दिवस ती घरातच — मी विसरलो. कुमुदला सगळं सांगितलं आणि बरणीचं सांगितलं नाही. फजिती करायची म्हणून ठेवलेली.

सोमीबाईला हाक मारली. आवाज फुटत नाही. ती जवळ आली. घशातल्या घशात सांगितलं, फडताळातलं विरजण टाकून दे, लांब टाक. “बरं, सायेब.” गेली. ऐकलं, भांडं उकिरड्यावर रितं केल्याचं. सुटलो.

दुपार

ट्रक मिळाला. संध्याकाळी निघणार. नवापूरचा सुकलाल ड्रायव्हर, पुढे गादी टाकून नेतो म्हणाला.

कुमुद विचारते आहे, माझं दही कुठे गेलं.

सोमीबाई माझंच नाव सांगते, “सायेब बोलनात, इरजन टाकी दे.”

तिने दही टाकलं. दही —

डब्याला ती इरजन म्हणते, बरणीचं तिला माहीतच नाही. लिहिलेलं तिला वाचता येत नाही.

कुमुदला येतं.

स्टो पेटवला. घरघर. दूध तापवते आहे, वाटेत मला द्यायला दही हवं म्हणून. पडवीचं दार लोटलेलं आहे. हाक — नुसती हवा. पेला आपटला, ऐकू जात नाही. उठलो, पाय —

फडताळ उघडलं.

म्हणते, “अगं सोमीबाई, हे बघ, इथे बरणी आहे की! यांच्याच अक्षरात लिहिलंय.”

झाकण वाजलं. चमचा नाही वाजला. ती चमचा घेत नाही.

पान फाडून दाराखालून सरकवतो. मोठ्या अक्षरात —

कुमुद बोट लावू नको ते विरजण ना