दोनशे चौदा दिवस चालू

प्रिय खारूताई,

परवा तुझा फोन मी मधेच ठेवला, राग मानू नकोस. रविवारी येऊन तुझ्या बाबांचं मशीन उचलते आणि मलाही तुझ्याकडे नेते, असं तू म्हणालीस आणि माझं डोकंच फिरलं. आता शांत झालेय, म्हणून लिहिते.

खिडकीखालचं ते खोकं, म्हणजे आपली साइट चालवणारा सर्व्हर, चालू असतं म्हणूनच कुणाच्या माळ्यावर पडून असलेला वॉकर किंवा चाकाची खुर्ची गरजवंताला साइटवर सापडते. बाबा काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून सर्व्हर चालवायचे, मी नुसते फोन घ्यायचे. ते गेल्यावर त्यांची वही उघडली. त्यात प्रत्येक हुकमाआधी डॉलरचं चिन्ह होतं, तेही मी इमानेइतबारे टाइप करत बसले. मशीन म्हणे, असा हुकूमच नाही. दोन दिवस भांडले त्याच्याशी. मग ध्यानात आलं, की डॉलर पडद्यावर आधीच बसलेला असतो, आपण फक्त त्याच्या पुढचं लिहायचं. हस खुशाल. पण तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई आहे मी, यंत्रापुढे हात टेकणाऱ्यातली नाही.

आता बहुतेक सगळे हुकूम हातात बसलेत. सेटिंग बदललं की आधी तपासणीचा हुकूम, ती पास झाली की मगच रीलोड, म्हणजे सर्व्हर न थांबवता नवं सेटिंग लागू. साइट बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. एकदा मी एक अर्धविराम विसरले, तर तपासणीनं तिथल्या तिथे कान पकडला.

फक्त रीस्टार्ट मी टाळत होते. का, ते तुला कधी बोलले नाही. रोज सकाळी स्टेटस विचारलं की सर्व्हर कधीपासून चालू आहे ते दिसतं; रीस्टार्ट केलं की तो क्षणभर बंद पडून नव्यानं सुरू होतो आणि जुनी तारीख पुसली जाते. ती तारीख बाबा दवाखान्यात गेले त्या दिवसाची होती. गाडी दारात उभी, पायात बूट, आणि हा माणूस परत खुर्चीत बसून सर्व्हर सुरू करून गेला. मी किती चिडले होते त्यांच्यावर. ते घरी परत आलेच नाहीत. त्या तारखेला दोनशे चौदा दिवस होईपर्यंत मी ती एक ओळ वाचत राहिले.

काल सर्व्हरची नवी आवृत्ती टाकावी लागली, जुनी आता सुरक्षित नव्हती. रीस्टार्टशिवाय ती लागू होत नाही. तपासणी केली, हुकूम टाइप केला, आणि हमसून हमसून रडले. मग एंटर दाबलं. स्टेटस विचारलं, तर चार सेकंदांपासून चालू. थोड्या वेळानं एका बाईंचा फोन आला, सासऱ्यांसाठी खुर्ची मिळाली म्हणून.

तर रविवारी ये, चार दिवस राहा, पण मशीन न्यायला येऊ नकोस. पासवर्ड मी बदललाय. तुला जो बंद करायचा होता तो बाबांनी सुरू केलेला सर्व्हर काल माझ्याच हातानं बंद झाला. आता चालतोय तो मी सुरू केलेला आहे, आणि तो कधी थांबवायचा ते मीच ठरवणार.

तुझीच, आणि अजून इथलीच,
आई