अमावस्येला वाडीत

बाबा,

शुक्रवारी आम्ही दिवेआगरला येतोय. त्या दिवशी अमावस्या आहे, मुद्दामच धरली आहे. तुमच्या नातवाला काळोखातलं आकाश दाखवायचं, असं मी घरात सांगितलंय, आणि ते काही अगदीच खोटं नाही. पण ठरवलं तेव्हा खरं कारण दुसरं होतं. त्याला रात्रीचं दिसतं की नाही, ते मला बघायचं होतं. तुम्ही त्याला पाहिलेलं नाहीत. यंदा सातवीत गेला, कपाळ तुमचं घेऊन आलाय, आणि आणखी काय घेऊन आलाय या विचाराने माझी झोप उडाली आहे. बेत सगळा ठरलाय. अलिबागहून दुपारी निघायचं, आगरदांड्याला गाडी बोटीत चढवायची, दिघीला उतरायचं आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं. शेजारच्यांनी आता होमस्टे काढलाय, माडांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या आहेत. त्यांना फोन करून म्हटलं, शुक्रवारी जरा तासभर बंद ठेवा. "ताई, गिऱ्हाईक आलं तर? लोकांना माळाच बघायच्या असतात हो," असं म्हणत शेवटी तयार झाले. "शाळेचं काही आहे का?" असं विचारलं, तर मी सरळ हो म्हणून टाकलं.

तुमच्या वेळी आपल्या वाडीतून आकाश दिसतच नसे. सुपारीचे शेंडे एकमेकांत असे मिसळलेले, की भर दुपारी विहिरीपाशी संध्याकाळ वाटायची. तुमच्या मागून आलेल्या चक्रीवादळाने अर्ध्याहून जास्त सुपारी आडवी केली, माडही गेले. नवी रोपं आता कुठे माणसाच्या उंचीची झाली आहेत. विहिरीजवळ उभं राहिलं की डोक्यावर सगळं उघडं. आई अजूनही तिथे थांबत नाही, पाणी शेंदते आणि लगेच आत येते. अमावस्या म्हटल्यावर तर ती फोनवर चिडलीच. "अगो, चांगले दिवस सोडून अवसेला कुठे प्रवास करतात का पोराला घेऊन?" मी म्हटलं, चांदणं नको आहे म्हणूनच. त्यावर "या मग" म्हणून तिने फोन ठेवला, कारण माझ्या मनात काय आहे ते तिला कळलं होतं.

हे सगळं सुरू झालं दिवाळीत, आम्ही पोराला घेऊन वाडीत आलो होतो तेव्हा. तिन्हीसांजेला तो अंगणात जायला निघाला आणि ओट्याला कड नाहीच अशा थाटात सरळ चालत खाली पडला. गुडघा फुटला, बाकी काही नाही. मी त्याला धांदरट म्हणून झापलं. आई मात्र स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून राहिली, तिच्या हातातली पळी तशीच. मी आत गेले तर म्हणाली, "ह्यांचंही असंच व्हायचं. रात्रीचं दिसत नसे ह्यांना. लग्नानंतर पंधरवड्यात कळलं मला. कोणाला सांगू नकोस म्हणाले, नोकरीवर येईल." मग हळूहळू पुढचंही बाहेर आलं. मुंबईच्या डॉक्टरांनी तुम्हा दोघांना मी लहान असतानाच सांगितलं होतं, की मुलीला त्रास होणार नाही, पण तिच्या मुलाला होऊ शकतो. बाबा, माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं. मुहूर्तापासून पंगतीतल्या मठ्ठ्यापर्यंत सगळं तुम्ही जातीने पाहिलंत आणि हे एवढं एक राहून गेलं. मी तुमच्यावर रागावले आहे. इतकी, की तुमच्या फोटोचा हार बदलायचं काम गेले दोन महिने मी नवऱ्यावर ढकललंय.

आता मागचं सगळं वेगळंच दिसू लागलंय. दिवेलागणीच्या आत तुम्ही घरी असायचात, गावात त्याचं केवढं कौतुक! सर म्हणजे घड्याळ. रात्रीच्या जेवणाला पाण्याचा तांब्या तुमच्या पाटाच्या उजव्या हाताला, रोज त्याच फरशीवर. मी एकदा तो डावीकडे ठेवला तर आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता, आणि तांब्यासाठी एवढं काय, म्हणून मी रडत बसले होते. आणि माघातला तो तुमचा कार्यक्रम. दहावीची मुलं जेवून किनाऱ्यावर जमायची, सुरूच्या बनाजवळ, आणि तुम्ही छडी वर करून सांगायचात. हा मृग, त्याच्या पोटात बाण, बाणाच्या रेषेत खाली आलात की व्याध, वर गेलात की रोहिणी. मी लहान, तुमचं बोट धरून उभी. एका वर्षी समुद्रावरून ढग आले आणि बघता बघता सगळं आभाळ झाकलं. तुमची छडी फिरतच राहिली. "दिसली का रोहिणी?" तुम्ही विचारताय आणि पोरं एका सुरात म्हणतायत, "दिसली, सर." दहावीची घोडी, पण एकाच्याही तोंडून ढगाचं नाव निघत नाही. मी म्हणते, "बाबा, ढग आलेत." तुम्ही माझ्याकडे वळता, माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत म्हणता, "डोळे उघडे ठेवून बघ जरा." सगळे हसतात. किती दिवस मला वाटत होतं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी खोट आहे.

नाहीतरी आपल्याकडे कोणी काही दाखवलं की दिसलं म्हणायचीच पद्धत. माझ्या लग्नात गुरुजींनी अरुंधती दाखवली ती भर दुपारी, मांडवाच्या पिवळ्या कापडाकडे बोट करून. "दिसली म्हणा," म्हणाले. आम्ही दोघांनी म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने तुम्ही म्हणालात. म्हणूनच पोराला "दिसतंय का?" असं विचारायचं नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं. अरुंधती ज्यांत आहे ते सप्तर्षी त्या वेळी उगवलेले नसतील, पण कृत्तिका अगदी वर असतील. तो पुंजका दाखवायचा आणि किती तारे आहेत ते मोज म्हणायचं. काय आकडा सांगतो त्यावरून कळेल. नवऱ्याला हे पटलेलं नाही. "सोमवारी मुंबईत डोळ्यांचे डॉक्टर तपासणारच आहेत. मग शुक्रवारी तू कसली परीक्षा घेतेस? तीही त्याला न सांगता?" मी म्हटलं, एका अनोळखी माणसाने टेबलापलीकडून मला सांगण्याआधी मला कळायला हवं, एवढंच. तो म्हणाला, "तुला कळायला हवं, ठीक. पण त्याचं काय?" आणि चहाचा कप उचलून बाल्कनीत निघून गेला.

काल संध्याकाळी मी भाजी चिरत होते. तो बाहेरच्या खोलीत मोबाइलवर आकाशाचं ॲप लावून बसला होता, आठवडाभर त्याचं तेच चाललंय. त्याचा आवाज आला, पाढे म्हणावे तसा. पूर्वेला मृग, त्याच्या वर रोहिणी, लालसर. तिच्याही वर कृत्तिका, साध्या डोळ्यांना सहा. मी दारातून डोकावले. मोबाइल पालथा ठेवून, भिंतीकडे तोंड करून, हात वर करून तो बोट दाखवत होता. उजवीकडे, थोडं वर, आता डावीकडे. पाठ करत होता, बाबा. माझी परीक्षा त्याने केव्हाच ओळखली होती आणि अभ्यास करून बसला होता. तेवढ्यात वीज गेली, आमच्याकडे दिवेलागणीला ती जातेच. बाहेर अजून पुरता अंधार नव्हता, खिडकीतून राखाडी उजेड येत होता, मला समोरची खुर्चीसुद्धा दिसत होती. तो होता तिथेच थिजला, एक हात भिंतीला लावून.

मी जवळ गेले. त्या क्षणी ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मी सरळ विचारलं, "तुला अंधारात दिसत नाही का रे?"

"दिसतं," तो लगेच म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग म्हणाला, "आई, तुम्हाला सगळ्यांना काय काय दिसतं? म्हणजे लाइट गेल्यावर. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, आणि बाकीचे न घाबरता चालतात."

मी त्याला जवळ घेतलं. आजोबांनाही रात्रीचं दिसत नसे, हे सांगितलं. सोमवारी आपण कशासाठी मुंबईला जाणार आहोत, तेही सांगितलं. तो ऐकत होता, शर्टाचं बटण पिरगाळत. शेवटी म्हणाला, "मग शुक्रवारचं कॅन्सल?" मी म्हटलं, मुळीच नाही. विहिरीजवळ चटई टाकू, मी तुला सांगेन काय दिसतंय ते, आणि ढग आले तर ढग आले म्हणून सांगेन. तो जरासा हसला. मग पुन्हा तोच प्रश्न. "सांग ना, आत्ता तुला काय दिसतंय?"

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्याच्या पापण्या दिसत होत्या मला. भिंतीवर टेकलेली बोटं दिसत होती, गालावरून ओघळलेलं आणि त्याने पुसलेलं पाणी दिसत होतं. मी म्हटलं, "मलाही फारसं काही नाही दिसत रे." त्याने माझा हात घट्ट धरला. मला सगळं दिसतं, बाबा.