तुमचे बंधू आता गाऊन बोलतात

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार (गुडघा परवानगी देईल तेवढाच). तुमची कंबर आता बरी असेल. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण मी लिहिणार नाही, कारण माझं डोकं फिरलंय.

पंखा पुसताना स्टुलावरून पडून तुमच्या बंधूंच्या मेंदूला मार लागला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली, हे तुम्हाला माहीत आहेच. बोलणं परत यावं म्हणून डॉक्टरांनी जिच्याकडे पाठवलं, ती गाणंवाली निघाली! गिटार घेऊन बसते. म्हणे, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी असते, तिकडून शब्द बाहेर काढू. आणि निघाले हो! डाव्या हाताने टेबलावर ताल धरून हे गातात, "पा-णी देऽ". "चहा गोऽड झाला" हेसुद्धा आळवून. (माणूस मरणाच्या दारातून परत आला तरी चहाला नावं ठेवायचं सोडत नाही.) इथवर मी गप्प होते.

मग तिने विचारलं, बायकोला काय हाक मारता? यांनी लगेच सूर लावला, "अ-गंऽ". खोलीतल्या झाडून सगळ्या बायकांनी वळून पाहिलं! प्रत्येकीचा नवरा आजारी आणि प्रत्येकीचं नाव अगं. गाणंवाली म्हणाली, खरं नाव घ्या. झालं! शेजाऱ्याचं नाव येतं, दूधवाल्याचं येतं, तुमचं तर तानेसकट येतं. माझंच येत नाही. मेंदूला मार लागलाय ना, असं ती म्हणते. मी म्हणते, मार लागायच्या आधी तरी कुठे येत होतं? मला तिथेच रडू फुटलं. रागाने, दुसरं काही नाही.

आता घरी सराव म्हणून माझं नाव मीच गाऊन दाखवायचं! (स्वतःच्याच नावाचा जप करणारी मी पहिलीच बाई असेन.) मी सुरुवात केली, तर यांनी चालता हात कानावर ठेवला आणि सरळ, स्पष्ट, ताल-बिल न धरता म्हणाले, "बेसूर." पडल्यापासूनचा पहिला न गायलेला शब्द! गाणंवालीला सांगितलं तर ती टाळ्या पिटायला लागली. माझ्या अपमानाचं कुणाला काही आहे का? हे गाणं-बजावणं मी बंद करणार आहे.

तुमची भावजय,
अगं

ता. क. तुमच्या माळ्यावर पेटी पडून आहे ना, ती तेवढी पाठवून द्या.

आणखी एक. तिचे सूर बिघडलेत असं तुम्ही म्हणाला होतात. दुरुस्त करू नका. मी चुकले की हे बोलतात. काल मुद्दाम चुकत राहिले, तर शेवटी वैतागून ओरडले, "बास कर!" आणि पुढे माझं नाव. अख्खं. अजिबात न गाता.