नीळ लावलेली बकरी

माय, तुझ्या धाकट्याला रक्ताचा कॅन्सर झालाय. तू असतीस तर आधी माझ्यावरच ओरडली असतीस आणि मग विचारलं असतंस, म्हणजे नेमकं काय झालं? तेच मला अजून नीट कळलेलं नाही. नांदुऱ्याच्या शाळेत मी पोरांना पेशी शिकवते, आणि इथे नागपूरच्या दवाखान्यात त्याचा रिपोर्ट हातात धरून ठोंब्यासारखी बसले आहे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची दोन घराणी असतात, आणि पेशीच्या अंगावर आपापल्या घराण्याच्या खुणा असतात. याच्या बिघडलेल्या पेशी एका घराण्यातल्या, मायलॉइड म्हणतात त्या. पण त्यांच्यावर सीडी-सात नावाची एक खूण दुसऱ्याच घराण्याची निघाली. मी म्हटलं, रिपोर्टची अदलाबदल झाली असेल. त्या म्हणाल्या, नाही, असं कधी कधी दिसतं. बाकीच्या खुणांवरून निदान पक्कं आहे, औषध मूळ घराण्याचंच चालेल. मग ही खूण वाईट की चांगली? त्या म्हणाल्या, कोणी म्हणतं आजार जरा हट्टी असतो, कोणी म्हणतं काही फरक पडत नाही. त्यांनाच ठाऊक नाही, तर मी किस झाड की पत्ती.

मला पिंपळगावच्या आपल्या बकऱ्या आठवल्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या बकऱ्या एकाच गुराख्याकडे जायच्या, म्हणून प्रत्येक घराचा रंग वेगळा. आपली मानेवर नीळ, शेजारच्या काकूंचा पाठीवर गेरू. एका संध्याकाळी एक बकरी दोन्ही रंग घेऊन आली आणि भांडण जुंपलं. तू चुलीपासून उठून बाहेर आलीस. "रंगाले काय पुसता? सोडा तिले. ज्याच्या दारात जाईन त्याची." बकरी सरळ काकूंच्या दारात गेली. घाईत नीळ लावताना तूच चुकली होतीस. तू सगळ्यांसमोर हसलीस, पण जेवली मात्र नाहीस. धाकटा तेव्हा तुझ्या कडेवर होता.

माझ्यानंतर तुला मूल झालं नाही, म्हणून मावशीने आपला तिसरा मुलगा तुझ्या ओटीत घातला. सुलतानपूरहून तू त्याला पदराखाली झाकून आणलंस, ते मला लख्ख आठवतं. पुढे एकदा भांडताना मी त्याला "तू आमचा" एवढंच म्हणाले, आणि पुढचं 'नाहीस' तोंडातून निघायच्या आत तुझा पिठाचा हात माझ्या गालावर बसला. "पुन्हा बोलली तं जीभ हासडीन. तो माहाच हाये." शेवटच्या दुखण्यात तर तू माझा हात धरून शपथ घातलीस, त्याले कधी कळू देऊ नको. मी ती पाळली.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमोनंतर बहुतेक दुसऱ्याच्या हाडातला मगज द्यावा लागेल, आणि तो सख्ख्या भावंडाचा जुळण्याची आशा सगळ्यात जास्त. तुम्ही सख्ख्या बहीण ना? तो खाटेवरून ऐकत होता. मी हो म्हटलं. तो हसला, "ताई हाये ना, मंग कायची चिंता?" मी व्हरांड्यात येऊन या बाकावर बसले. मावशीचे थोरले दोघे सुलतानपुरात धडधाकट आहेत, आणि मी इथे हो म्हणून आले.

शपथ मोडू का, हे तुला विचारायला हा कागद घेतला. पण खरं म्हणजे त्याआधीच मी मावशीला फोन लावला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोघायलेबी घेऊन येते. पण त्याले तूच सांगजो." उद्या ते बसने येतील. कुठून सुरुवात करू, काही सुचत नाही. तू रागावली असशील की तूही हेच केलं असतंस, तेही कळत नाही. कागद रिपोर्टच्या घडीत ठेवून देईन, दुसरीकडे कुठे ठेवू?

एक मात्र तुलाच सांगते. त्याच्या जिवाची भीती आहेच. पण आत्ता या बाकावर बसून मी घाबरले आहे ती उद्याला, मावशी खोलीत शिरेल आणि तो तिच्याकडे पाहील त्या घडीला. सोडा तिले, असं तू म्हणाली होतीस. माय, मला त्याला सोडायचं नाही.